परकीय नागरिक कायदा, स्थानिक प्रशासन आणि आपली जन्मनोंद

जन्माचा दाखला हाती नसलेल्या भारतीय माणसाला कोणी परदेशी ठरवू शकेल काय? जळगाव व धुळे जिल्ह्यांतील श्रद्धावंतांच्या घरांतून हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. विलंबाने दिलेल्या जन्मदाखल्यांची राज्यभर झालेली फेरतपासणी, बांगलादेशी घुसखोरांच्या शोधाच्या बातम्या आणि १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेला नवा केंद्रीय कायदा यांमुळे तो निर्माण झाला आहे. कायद्याची माहिती नसली की भीती वाढते आणि भीतीपोटी माणूस दलालाच्या दारी जातो. म्हणून या विषयाची मांडणी एकत्रितपणे वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे: केवळ दाखला नाही म्हणून कोणी परदेशी ठरत नाही. मात्र संशय उत्पन्न झाल्यास आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने त्या व्यक्तीवर टाकला आहे, आणि तो भार पेलण्यासाठी लागणारा पुरावा दिल्लीत नसून गावच्या ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसील कचेरीत आणि कधीकधी धर्मग्रामाच्या कपाटात असतो.

अधिकार केंद्राचा, अंमलबजावणी जिल्ह्याची

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार नागरिकत्व, परकीय व्यक्ती, देशात प्रवेश, देशातून हद्दपारी, पारपत्र आणि व्हिसा हे विषय केंद्र सूचीत येतात. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय मात्र राज्य सूचीत आहेत. परदेशी कोण याविषयीचा कायदा केंद्र करते, पण त्याची अंमलबजावणी करणारा शिपाई, तलाठी आणि लिपिक राज्याचा असतो. ही दरी सांधण्यासाठी घटनेच्या अनुच्छेद २५८ चा आधार घेतला जातो. या अनुच्छेदान्वये केंद्र शासन राज्याच्या संमतीने आपली कामे राज्याकडे सोपवू शकते. १९ एप्रिल १९५८ च्या अधिसूचनेने केंद्रीय गृह मंत्रालयाने परकीय व्यक्तींना देश सोडण्यास सांगण्याचे व त्यांच्या हालचालींवर निर्बंध घालण्याचे अधिकार राज्य शासनांकडे सोपविले.

मुंबईसारख्या महानगरात परकीयांच्या नोंदणीचे स्वतंत्र केंद्रीय कार्यालय आहे. जळगाव व धुळे यांसारख्या जिल्ह्यांत ही जबाबदारी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असते. परकीय नोंदणी अधिकारी म्हणून तेच काम पाहतात. प्रत्यक्ष चौकशी स्थानिक पोलीस ठाणे करते आणि कागदपत्रांची पडताळणी महसूल खाते, महानगरपालिका वा ग्रामपंचायत करते.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी नातलगांकडून तेथील स्थानिक पोलिसांनी स्थलांतर खात्यास साहाय्य करावे की नाही, या वादाविषयी पुष्कळांनी ऐकले असेल. तेथे १९९६ च्या एका कायद्यान्वये स्थानिक पोलीस केंद्र शासनाशी लेखी करार करून हे काम अंगावर घेऊ शकतात. अनेक शहरांनी ते घेण्यास नकार दिला आहे. भारतात जिल्हा पोलिसांपुढे असा पर्याय नाही. त्यामुळे आपल्याकडे खरा प्रश्न हे काम किती काळजीपूर्वक व किती न्यायाने होते, हा आहे.

नवा कायदा काय सांगतो

स्थलांतर व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ या कायद्याने १९२०, १९३९, १९४६ व २००० या वर्षांचे चार जुने कायदे रद्द करून त्यांची जागा घेतली. वैध पारपत्राविना देशात प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. बनावट पारपत्र वा व्हिसा वापरल्यास किमान दोन ते कमाल सात वर्षे कारावास आणि एक ते दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावरच राहील, ही १९४६ च्या कायद्यातील तरतूद नव्या कायद्यातही कायम ठेवलेली आहे.

आमच्या संस्थांच्या दृष्टीने तीन कलमे विशेष महत्त्वाची आहेत. निवासाची सोय करणारे, शिक्षण संस्था आणि रुग्णालये या तिघांनीही आपल्याकडे येणाऱ्या परकीय व्यक्तीची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देणे बंधनकारक आहे. 'सी फॉर्म' या नावाने परिचित असलेली निवासाची माहिती पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावयाची असते. हॉटेल व लॉजप्रमाणे धर्मगुरूंचे निवासस्थान, धर्मभगिनींचा मठ, वसतिगृह व साधनाकेंद्र यांनीही हा नियम स्वतःला लागू आहे असे समजून वागावे. ओसीआय कार्ड असलेले आपले आप्त कायद्याच्या दृष्टीने परकीय नागरिकच असतात. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिशनरी स्वरूपाच्या कार्यासाठी त्यांना विशेष परवानगी घ्यावी लागते. परदेशातून सुट्टीवर आलेल्या ओसीआयधारक धर्मगुरूंकडे प्रवचनमाला सोपविण्यापूर्वी ही बाब तपासून घ्यावी.

सवलतींविषयीही बरेच गैरसमज आहेत. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना त्या देशांतून थेट भारतात येण्यासाठी पारपत्र व व्हिसा लागत नाही. त्यामुळे आपल्या गल्लीत रात्रपाळी करणारा नेपाळी पहारेकरी घुसखोर नव्हे. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून धार्मिक छळामुळे किंवा त्याच्या भीतीने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना १ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने कागदपत्रांच्या अटीतून सूट मिळाली आहे. ही सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. २०१९ च्या सुधारणेखाली नागरिकत्वासाठी अर्ज करण्याकरिता मात्र ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेले असणे आवश्यक आहे.

नागरिकत्व कशावरून ठरते

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक आहे. आईवडिलांच्या नागरिकत्वाचा प्रश्न तेथे येत नाही. १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यांच्या बाबतीत आई वा वडील यांपैकी एक जण जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असला पाहिजे. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांसाठी दोघेही नागरिक असावेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आहे. तरुण मुलामुलींना स्वतःच्या दाखल्याबरोबर आईवडिलांचाही पुरावा जपून ठेवावा लागतो, तो यामुळे.

आधार कार्ड असले की झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. १२ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निर्णय देताना आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र असल्यानेच कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, असे स्पष्ट केले. ही ओळखीची साधने आहेत. जन्मस्थान व वंश यांचा पुरावा निराळा असतो.

विलंबित जन्मनोंदीचा प्रश्न

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची वा विहित प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटल्यावर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आवश्यक असे. २०२३ च्या सुधारणेने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, शासकीय नोकरी व पारपत्र यांकरिता जन्मदाखला हाच जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा मानला जातो.

धुळ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरील मालेगाव येथे असे विलंबित दाखले बांगलादेशी व रोहिंग्या व्यक्तींना मिळाल्याचा आरोप झाला. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि राज्यभर अशा दाखल्यांचे काम थांबविले. मार्च २०२५ मध्ये नवी कार्यपद्धती आली; तीत पुराव्यांची काटेकोर छाननी व स्थानिक पोलिसांकडून चौकशी यांवर भर आहे. ११ ऑगस्ट २०२३ नंतर नायब तहसीलदारांनी अधिकार नसताना दिलेले आदेश रद्द करण्याचेही निर्देश निघाले. केवळ आधार कार्डाच्या बळावर दिलेले दाखले ग्राह्य नाहीत, हेही शासनाने स्पष्ट केले.

खोटा दाखला देणारा आणि घेणारा या दोघांवर कारवाई व्हावी, यात दुमत असण्याचे कारण नाही. परंतु येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. रद्द झालेल्या प्रत्येक दाखल्यामागे घुसखोर असतो असे नाही. ज्याचा जन्म खरा, आईवडील खरे, गाव खरे, अशा अर्जदाराचा दाखलाही सही करणाऱ्या अधिकाऱ्याला अधिकार नव्हता म्हणून बाद होऊ शकतो. चूक कचेरीची आणि हेलपाटे गरिबाचे, असा हा प्रकार आहे. अशा व्यक्तीने घाबरून गप्प न बसता मूळ पुरावे घेऊन सक्षम अधिकाऱ्याकडे नव्याने अर्ज करावा.

खानदेशातील अडचणी

सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांत घरी होणारी बाळंतपणे हे नोंद राहून जाण्याचे पहिले कारण. दुसरे कारण हंगामी स्थलांतर. ऊसतोडीसाठी व वीटभट्टीसाठी आपल्या भागातील कुटुंबे गुजरातेत जातात. कायद्याने जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच करावी लागते. बारडोलीच्या पडावावर जन्मलेल्या मुलाची नोंद शिरपूरच्या ग्रामपंचायतीत करता येत नाही; आणि कुटुंब परतले की तिकडे पुन्हा जाणे होत नाही. मुक्कामाच्या गावीच २१ दिवसांत नोंद करून घेणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय होय.

तिसरे कारण जिल्ह्यांच्या बदललेल्या नावांचे. आजचा जळगाव जिल्हा पूर्वी पूर्व खानदेश होता आणि धुळे पश्चिम खानदेश. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे आजोबांच्या कागदावर 'पश्चिम खानदेश', वडिलांच्या कागदावर 'धुळे' आणि मुलाच्या कागदावर 'नंदुरबार' असे एकाच गावाचे तीन जिल्हे दिसतात. ही विसंगती नसून इतिहास आहे, हे अर्जात आधीच लिहून द्यावे. जळगाव व धुळे येथे २००३ पासून महानगरपालिका आहेत. त्यापूर्वीच्या नोंदींसाठी नगरपालिकेची जुनी दप्तरे पाहण्याची विनंती करावी.

चौथे कारण खास आपल्या समाजाचे. स्नानसंस्काराचे नाव एक, शाळेतले दुसरे आणि घरातले तिसरे, असे पुष्कळदा आढळते. योसेफ, जोसेफ व जोसफ ही कचेरीत तीन माणसे होतात. असा फरक असल्यास प्रतिज्ञापत्र करून व आवश्यक तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून तो वेळीच दूर करावा.

चूक झाल्यास काय घडते

महाराष्ट्राला या विषयाचा जुना अनुभव आहे. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलिसांनी बांगलादेशी म्हणून पकडलेल्या बंगाली भाषकांना कुर्ला-हावडा गाडीने सीमेकडे पाठविले. आपल्या भुसावळवरून जाणारीच ही गाडी. पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकात जमावाने ती अडवून त्या लोकांना सोडविले. हे भारतीयच आहेत असे तेथील लोकांचे म्हणणे होते, आणि दोन राज्य शासनांत मोठा वाद झाला. जून २०२५ मध्ये मीरा रोड व आसपासच्या भागांतून ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे बांगलादेशात ढकलण्यात आले आणि त्या राज्याने त्यांच्या नागरिकत्वाचे पुरावे पुढे केल्यावर परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीत पकडलेल्या बीरभूम जिल्ह्यातील एका गरोदर स्त्रीलाही असेच पलीकडे पाठविले गेले. न्यायालयांच्या हस्तक्षेपानंतर ती डिसेंबर २०२५ मध्ये परतली.

मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने संशयितांची पडताळणी ३० दिवसांत पुरी करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या. ज्या जिल्ह्याचा रहिवासी असल्याचे तो माणूस सांगतो, त्या जिल्ह्याने उत्तर द्यावयाचे असते. उद्या खानदेशातील एखादा मजूर परराज्यात अडकला, तर त्याचे भवितव्य जळगाव वा धुळ्याच्या कचेरीतून तीस दिवसांत जाणाऱ्या एका कागदावर अवलंबून राहील. गावातील नोंद नीट असणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानी यावे.

ख्रिस्तसभेलाही या विषयाची झळ लागलेली आहे. मनमाड परिसरात शेतकऱ्यांसाठी विहिरींचे मोठे काम उभारणारे स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरू फादर विन्सेंट फेरर यांना १९६८ मध्ये देश सोडण्याचा आदेश मिळाला. हजारो शेतकरी त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तक्षेपाने त्यांना परतण्याचा मार्ग मोकळा झाला, पण महाराष्ट्रात नव्हे. १९६९ पासून २००९ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी आंध्र प्रदेशातील अनंतपूर येथे कार्य केले. पारपत्र वैध असले तरी राहण्याची परवानगी शासनाच्या मर्जीवर अवलंबून असते, हा धडा त्या प्रकरणाने दिला.

चौकशीच्या वेळी असलेले हक्क

घटनेतील समानतेचा हक्क (अनुच्छेद १४) आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क (अनुच्छेद २१) नागरिकांपुरते मर्यादित नाहीत. या भूमीवरील प्रत्येक व्यक्तीला ते लागू आहेत. अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्या व्यक्तीला कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. ११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसाममधील एका प्रकरणात असे ठरविले की, सिद्धतेचा भार व्यक्तीवर असला तरी प्रशासनाला हवेतून संशय घेता येत नाही; संशयाला काही ठोस आधार असावा आणि तो त्या व्यक्तीला कळवावा.

वकील करण्याची ऐपत नसेल तर जळगाव व धुळे येथील जिल्हा न्यायालयांतील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदतीचा क्रमांक आहे.

घराने व धर्मग्रामाने करावयाची कामे

प्रत्येक कुटुंबाने जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, आईवडिलांची व शक्य तर आजोबांची कागदपत्रे एका ठिकाणी ठेवावीत. जन्मदाखला नसेल तर प्रथम शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातील गाव नमुना १४, म्हणजे जुने जन्म-मृत्यू रजिस्टर, यांत शोध घ्यावा. सातबारा व जुन्या मतदार याद्या कुटुंबाचे वास्तव्य दाखवितात. मूळ कागद कोणाही मध्यस्थाच्या हाती देऊ नये. अर्जाची पोच घ्यावी.

धर्मग्रामाच्या स्नानसंस्कार नोंदवहीचे मोल येथे कळते. धर्मसभेच्या कायद्याचे कलम ८७७ धर्मगुरूंना बालकाचे नाव, आईवडिलांची नावे आणि जन्माची तारीख व ठिकाण यांची नोंद करण्यास सांगते. हा दाखला जन्मदाखल्याची जागा घेऊ शकत नाही आणि नागरिकत्वही सिद्ध करीत नाही. परंतु पन्नास वर्षांपूर्वी, कोणताही वाद नसताना, केलेली ती नोंद विलंबित अर्जाला पूरक पुरावा म्हणून जोडता येते. म्हणूनच जुन्या वह्या वाळवीपासून जपाव्यात, त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत आणि कोणाच्याही आग्रहास्तव तारखेत वा नावात खाडाखोड करू नये. दयेपोटी दिलेला एक खोटा दाखला त्या वहीतील सर्व खऱ्या नोंदी संशयास्पद करतो.

शेवटी शेजाऱ्याविषयी. भाषा निराळी, पेहराव निराळा म्हणून कोणाकडे बोट दाखविणे आपल्याला शोभत नाही. पवित्र कुटुंबाने शिरगणतीसाठी बेथलेहेमची वाट धरली आणि पुढे जीव वाचविण्यासाठी मिसर देशात आसरा घेतला. शासनाच्या नोंदणीला मान देणे आणि परक्याला माणूस म्हणून वागविणे ही दोन्ही कर्तव्ये त्या एकाच कथेत आपल्यापुढे आहेत.

ज्या घरात या वर्षी बालक जन्माला आले असेल, त्यांनी स्नानसंस्काराची तारीख ठरविण्यासाठी धर्मगुरूंकडे येताना जन्मनोंद झाली आहे की नाही हे पाहून यावे. धर्मगुरूंनीही ते विचारावे. एकवीस दिवसांत केलेली नोंद त्या बालकाचे पुढचे कित्येक हेलपाटे वाचविते.